जाहूला दहापैकी किती? मुंबई २, मोहन बागान १

माहीमचा_राइट_बॅक
(रविवार, १४ मार्च २०२१)

घरात भांडण पेटलंय, निकाल तुम्ही लावा.

माझी एक जुनी खोड आहे. मॅच संपली की प्रत्येक खेळाडूला दहापैकी मार्क द्यायचे आणि डायरीत टिपायचे. डायरी विमा एजंटाने फुकट दिलेली, २०१४ ची. त्या वर्षी मुंबई सिटी निघाली म्हणून सुरुवात केली, आणि छापील तारखांकडे काणाडोळा करत आजतागायत तीच चालू आहे. आनेल्का, युंगबर्ग, फोर्लान, सगळ्यांचे हिशेब तीत आहेत. २०१६ च्या सेमी फायनलमध्ये फोर्लानला मिळालेलं लाल कार्ड मी लाल बॉलपेनानेच लिहिलंय.

काल आपण पहिल्यांदा आयएसएलची (इंडियन सुपर लीग, फुटबॉलची) फायनल खेळलो आणि पहिल्यांदाच जिंकलो. लीग शील्ड (साखळीत पहिला आल्याची) २८ फेब्रुवारीलाच खिशात होती, आता कपही आला. एका सीझनमध्ये दोन्ही आणणारा आपला पहिला क्लब. पेढे वाटून झाले. मग डायरी काढली आणि आपल्या मिडफिल्डर जाहूच्या नावापुढे ४ लिहिले.

मुलगी शेजारी बसून भूमितीची प्रमेयं करत होती. (दहावीला आहे. परीक्षा होणार की नाही ते देवाला ठाऊक.) तिने डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, चार? मी आठ देईन."

माझं म्हणणं असं. १८ वं मिनिट. आपल्याच बॉक्सच्या तोंडाशी बॉल जाहूच्या पायात. मोहन बागानचा रॉय कृष्णा अंगावर येतोय हे टीव्हीवर मला दिसतंय, सोफ्यावर झोपलेल्या मांजराला दिसतंय. हा गडी बॉल उडवून लावायचा सोडून तिथेच खेळवत बसला. कृष्णाने काढून घेतला, विल्यम्सला दिला, विल्यम्सने जाळ्यात घातला. कंपनीच्या टीमकडून मी ११ वर्षं राइट बॅक खेळलोय. अंगावर माणूस असताना आपल्या बॉक्ससमोर कलाकारी करायची नाही, हे आमच्या मास्तरांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं, आणि शिकवताना कानाखाली एक ठेवूनही दिली होती. फायनलमध्ये असला गोल देणाऱ्याला चारसुद्धा मी हात सैल सोडून दिलेत.

मुलीचं म्हणणं: "पण २९ व्या मिनिटाचा तो बॉल कोणाचा होता?"

तोही जाहूचाच, हे कबूल. मागून लांबवर टाकलेला, बचावफळीच्या डोक्यावरून. त्यांचा डिफेंडर तिरी मागे पळत हेड मारायला गेला, कीपर अरिंदम पुढे आला होता, बॉल त्याच्या डोक्यावरून स्वतःच्याच जाळ्यात. पण स्वयंगोलाचं श्रेय पास देणाऱ्याला कसं द्यायचं? तिरीने डोकं घातलं नसतं तर तो बॉल कुठे गेला असता कोण जाणे.

बाकीचे मार्क सांगून टाकतो, म्हणजे त्यावर वाद नको. ९० व्या मिनिटाला जिंकून देणारा बिपिन ९. सेंटर बॅक फॉल ८. कीपर अमरिंदर ७. ओग्बेचे ८, तेही बदली येऊन. ले फाँड्र ५. राकिप ६, अचानक उतरावं लागलं म्हणून एक वाढवून. जखमी होऊन गेलेल्या अमेय रानवडेच्या नावापुढे काही लिहवलं नाही.

तर बोला. चार की आठ? मधला सहा सांगू नका. सहा काय, आमची हीसुद्धा स्वयंपाकघरातून सांगते.

---

फातोर्डा_नाका

काका, पहिल्यांदा अभिनंदन. मनापासून नाही, पण अभिनंदन.

माझं घर गोव्याच्या फातोर्डा स्टेडियमपासून चालत दहा मिनिटांवर. काल गच्चीवर उभा राहिलो तर समोर फ्लडलाइट लखलखतायत आणि आवाज शून्य. गेल्या वर्षीची फायनलही इथेच आणि तीही कोरोनामुळे रिकाम्या स्टेडियमात. लागोपाठ दोन फायनली आमच्या दारात झाल्या आणि आम्ही दोन्ही वेळा टीव्हीवर. लग्न आमच्या मांडवात, जेवण दुसऱ्यांना.

आता जाहू. पात्रांव, हा माणूस तुमच्याकडे यायच्या आधी तीन सीझन आमच्या एफसी गोवाकडे होता. कोच लोबेरा आमचा, फॉल आमचा, बूमूस आमचा, मंदार तर आमच्या मातीतला. तुमच्या मालकांनी अख्खी वखार उचलून नेली. त्यामुळे जाहूबद्दल बोलायचा अधिकार तुमच्यापेक्षा मला थोडा जास्त आहे.

तीन सीझनांत मी त्याला शेकडो शिव्या दिल्या. दर दोन-तीन मॅचनंतर एकदा तो असा बॉल घालवायचाच, आणि कार्डं तर तो प्रसादासारखी घ्यायचा. पण एक गोष्ट बघा. बॉल घालवल्यावर दुसरा मिडफिल्डर काय करतो? पुढची दहा मिनिटं दुसऱ्याच्या सावलीत उभा राहतो. सेंटर बॅककडे बॉल आला की मान वळवतो, जणू त्याला कोणी हाकच मारलेली नाही. जाहू तसं करत नाही. चुकल्यावर तो आणखी जवळ येऊन बॉल मागतो. इतका की आम्ही ओरडायचो, "अरे, थोडा वेळ नको मागू!"

तुम्ही १८ आणि २९ ही दोन मिनिटं लिहिलीत. मधली ११ मिनिटं पुन्हा बघा. ती बघून मार्क द्या.

माझे सात. आठ देणार नाही. तुमच्याशी झालेल्या सेमी फायनलचा राग अजून गेलेला नाही. २-२, ०-०, मग पेनल्टी शूटआउट ६-५, आणि शेवटची पेनल्टी कोणी मारावी? तुमच्या रॉलिनने. गोंयकाराने गोंयकाराच्या घरात. आई दोन दिवस त्याच्या नावाने बोटं मोडत होती.

---

यंदा_तरी_पोस्ट

पुण्यातून लिहितोय. आज रविवारी माझी राज्यसेवा पूर्व परीक्षा होती. गुरुवारी अचानक पुढे ढकलल्याचं कळलं, शास्त्री रोडवर पोरं उतरली, मीही होतो. ते प्रकरण वेगळं. सांगायचा मुद्दा, परीक्षा असती तर काल रात्री मॅच बघितली नसती. आयुष्यात आयोगाने केलेला हा एकमेव उपकार.

रूमवर चौघे एका मोबाइलवर बघत होतो, मोबाइल स्टीलच्या डब्याला टेकवलेला. ८९ मिनिटं झाली होती, १-१. आमचा एक पार्टनर उठून दूध तापवायला गेला, एक्स्ट्रा टाइम लागणार म्हणून. दूध उतू गेलं तेव्हा तो इकडे येऊन नाचत होता.

तुम्ही सगळे जाहूवर अडकलात म्हणून ओग्बेचेबद्दल लिहितो. त्या गोलाची रिप्ले मी वीस वेळा बघितली असेल. माणूस ३६ वर्षांचा. २००२ च्या वर्ल्ड कपला नायजेरियाच्या संघात होता, तेव्हा मी बालवाडीतही नव्हतो. बॉल बॉक्सकडे येतो, अरिंदम गोल सोडून पुढे येतो, आणि तो बॉल आता कीपरचाच असं आपण धरून चालतो. ओग्बेचे धरून चालत नाही. अंग मध्ये घालतो, बॉल काढून घेतो. इथवर ताकदीचं काम, कोणी धिप्पाड माणूस करू शकेल. पण पुढचं बघा. फायनल, ९० वं मिनिट, गोलच्या तोंडाशी बॉल पायात आहे. कुठल्याही स्ट्रायकरला काय सुचेल? फिरवून मारावा. हा मान वर करतो आणि बिपिनला देतो. बिपिनसमोर गोल उघडा.

तुम्ही बिपिनला ९ आणि ओग्बेचेला ८ दिलेत. माझ्या मते उलट पाहिजे.

जाहूबद्दल माझं मत विचाराल तर चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश मार्क कापायची पद्धत असते. पूर्ण पेपर शून्य करत नाहीत.

---

रंकाळ्याचा_गोलकीपर

काका, मार्कांचं राहू द्या घटकाभर. अमेयच्या नावापुढे काय लिहवलं नाही म्हणालात, तिथंच माझं अडकलं.

पहिला हाफ संपत आला होता. मोहन बागानचा सुभाशिष बोस आणि अमेय एकमेकांवर आदळले आणि अमेय पडला तो हललाच नाही. भावांनो, मी टीव्हीचा आवाज बंद केला. आमच्या घरात कोण बोलेना. खेळाडू गोल करून उभे, ॲम्ब्युलन्स आत आली, त्यात घालून नेला. क्लबनं नंतर कळवलं, प्रकृती स्थिर हाय, तेव्हा घास गिळला.

मला एवढं का लागलं ते सांगतो. मी कोल्हापुरात शाहू स्टेडियमला एका तालमीकडनं गोलकीपर खेळायचो. नाव सांगत नाही, पेठेत राहायचं हाय अजून. एका मॅचला कॉर्नरवर उडी मारली आणि समोरच्याचा गुडघा माझ्या कानशिलावर बसला. डोळ्यांपुढं चांदण्या. बाहेरनं एकजण पाण्याची बाटली घेऊन आला, डोक्यावर ओतली, "काय नाही झालं, ऊठ!" म्हणाला. गॅलरीत हलगी चाललेली. मी उठलो, खेळलो, मॅच जिंकली बी म्हणतात. म्हणतात, कारण मला दुसरा हाफ आठवतच नाही. आजपर्यंत नाही. घरी येऊन आईला विचारलं, आज वार कुठला? तवा दवाखान्यात नेलं.

म्हणून काल डॉक्टर पळत आला, मान धरून ठेवली, कोण उठ म्हणालं नाही, हे बघून मला लई बरं वाटलं. आणि मुंबईचा मराठी पोरगा, आयएसएलच्या फायनलला सुरुवातीच्या अकरात. आमचा अनिकेत जाधव जमशेदपूरला हाय तवा आम्ही त्याच्या मॅचला पेठेत कसं बघतो ते येऊन बघा एकदा. तसं तुमच्याकडं अमेयचं व्हायला पाहिजे होतं.

जाहूला आठ. तुमच्या पोरीला फुटबॉल कळतं.

---

हाजरा_रोड

मी मराठी, पण जन्म आणि शिक्षण कोलकात्याचं. वडिलांची बदली झाली आणि आम्ही इथलेच झालो. घरी गणपती बसतो आणि ईस्ट बंगालशी डर्बीच्या दिवशी मोहन बागान जिंकलं की चिंगडी (कोळंबी) शिजते. त्यामुळे काल आमच्याकडे जेवणच झालं नाही.

अरिंदमची बाजू घ्यायला कोणी नाही, म्हणून मी.

या सीझनचा गोल्डन ग्लव्ह, म्हणजे सर्वोत्तम कीपरचं बक्षीस, त्यालाच मिळाला. १० मॅचमध्ये त्याने एकही गोल खाल्ला नाही. काल रात्रीच्या त्याच समारंभात, पराभवानंतर, तो बक्षीस घ्यायला उभा होता. त्याचा चेहरा ज्यांनी बघितला असेल त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. अख्खा सीझन ज्या हातांवर आम्ही इथवर आलो, ते हात ९० व्या मिनिटाला एकदा कमी पडले.

आणि राइट बॅक साहेब, आपण तिरीच्या स्वयंगोलात अरिंदम "पुढे आला होता" असं लिहिता, जणू त्याने गुन्हा केला. आमच्या कोच हबासचा संघ मागे बसून खेळतो, तरी लांब बॉल पडला तर कीपरने पुढे यायचंच असतं. तिरी आणि अरिंदम दोघंही बरोबर होते, आणि दोघंही एकाच वेळी बरोबर असले की असं होतं. हाक कोणी मारायची एवढाच प्रश्न. रिकाम्या स्टेडियमात एक हाक ऐकू गेली नसेल असं म्हणवत नाही, म्हणजे ती मारलीच गेली नसावी.

अजून एक. बिपिन २०१७-१८ मध्ये एटीकेकडे (तेव्हा कोलकात्याचाच वेगळा क्लब) होता. तिथून सुटला आणि तुमच्याकडे आला. "एटीके" हे नाव आमच्या १८८९ च्या क्लबाला चिकटवलंय त्यावर आम्ही वर्षभर चिडून आहोत. आता त्या नावाने जाऊ दिलेल्या पोराने आमचा कप नेला. याला काय म्हणावं?

तुम्ही या सीझनला आम्हाला तीनदा हरवलंत. जानेवारीत १-०, फेब्रुवारीत २-०, काल २-१. तिन्ही वेळा मैदानाच्या मधोमध तो मोरोक्कोचा माणूस उभा होता. आम्हाला विचाराल तर जाहूला आठ, आणि पुढच्या सीझनला कृपा करून त्याला कुठेतरी लांब पाठवा.

---

माहीमचा_राइट_बॅक

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देतो.

हाजरा रोड, तुमचं हाकेचं पटलं. राइट बॅकला हे कळायला हवं होतं. आमच्या वेळी कीपर "माझा!" ओरडायचा आणि आम्ही खाली वाकायचो. एकदा तो ओरडला नाही आणि आम्ही दोघं एकमेकांवर आदळलो, समोरच्या दातांपैकी एक अजून खोटा आहे. अरिंदमला माझ्या डायरीत जागा नाही (फक्त आपली टीम), नाहीतर पाच दिले असते. तीन म्हणणार होतो.

पोस्टवाले, तुमच्यावर घरात मतदान झालं. बिपिन ९ च राहणार. पास आल्यावर उघडा गोल चुकवणारे मी कूपरेजवर आयुष्यभर बघितलेत, त्यातला एक मी स्वतः. पण ओग्बेचेला ८ चे ९ केले. अभ्यासाला बसा आता.

रंकाळा, तुमचा दुसरा हाफ वाचून ही स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि मला म्हणाली, "तुम्हीपण असंच खेळायचात ना?" मी विषय बदलला.

फातोर्डा नाका, तुम्ही सांगितलंत म्हणून सकाळी चहा घेत ती मधली ११ मिनिटं पुन्हा बघितली. मुलीच्या हातात रिमोट. ती दर थोड्या वेळाने थांबवायची आणि बोट ठेवायची.

गोल खाल्ल्यावर सेंटरवरून खेळ सुरू होतो. बॉल फिरून फॉलकडे. जाहू कुठे आहे? मला वाटलं होतं, वर गेला असेल. नाही. फॉलच्या पुढ्यात येऊन उभा, तळवे खाली करून, पायात दे म्हणतोय. कृष्णा तिथून पाच-सहा पावलांवर. फॉल देतो. जाहू एका टचमध्ये परत देतो, सोप्पा. मग पुन्हा येतो. पुन्हा मागतो. मुलगी म्हणाली, "बाबा, तो बघा कसा उभा राहतोय. मघाशी पाठ होती, आता तिरका." खरंच की. पहिल्या चुकीच्या वेळी मागचं दिसत नव्हतं. आता अंग अर्धं वळवून, खांद्यावरून मागे बघून मग बॉल घेतोय. कोणी बाहेरून सांगितलं की त्याचं त्याला कळलं, ते कॅमेऱ्यात दिसत नाही.

मग २९ वं. बॉल पायात, मान आधीच वर. बिपिन पळायला लागलेला त्याने बघितलाय. म्हणजे तो बॉल उगाच उडवलेला नव्हता, माझं पहिलं म्हणणं चुकलं.

पण मी तसा हट्टी माणूस. मुलीला म्हटलं, ठीक आहे, पास चांगला, पण मुळात ती चूक केलीच नसती तर १-१ करायची वेळच आली नसती. यावर ती जे बोलली ते तसंच्या तसं लिहितो:

"बाबा, तो बॉल जाहूने घ्यायचा नाही तर कोणी घ्यायचा? लोबेराची टीम मागून पास देत वर जाते. अमरिंदर फॉलला देणार, फॉल जाहूला. जाहू नको म्हणाला तर फॉलला लांब मारावा लागेल, आणि तसं मारून आपण अख्ख्या सीझनमध्ये किती मॅच जिंकलो? ४० पॉइंट तुम्ही या माणसाच्या पायावर मोजलेत. एक दिवस त्याचा हिशेब चुकला तर चार?"

ही पोरगी शाळेच्या टीममध्ये सेंटर हाफ खेळते. खेळायची म्हणजे, गेलं वर्ष ग्राउंडला कुलूप आहे. घरात पॅसेजमध्ये भिंतीवर बॉल मारते आणि खालचे जोशी वर येतात.

तर डायरीत जाहूच्या ४ वर रेघ मारली. शेजारी ७ लिहिले. आठ नाहीत. फातोर्डावाल्यांसारखंच माझंही काहीतरी मनात राहिलंय, ती कानाखालची अजून वाजते.

---

फातोर्डा_नाका

सात! गोवा-मुंबई एकमत. हे छापून ठेवा, पुन्हा होणार नाही.

लोबेरावर कोणी काही लिहिलं नाही. सेमी फायनलला शूटआउटच्या तोंडावर अमरिंदरला काढून फुर्बा लाचेंपाला उतरवलंन त्याने. कॅप्टनला. आम्हीही कीपर बदलला, धीरजच्या जागी नवीन कुमार. त्या रात्री गच्चीवर मी भावाला म्हटलं, दोन्हीकडे वेडे बसलेत. त्यातला एक वेडा कप घेऊन गेला.

---

रंकाळ्याचा_गोलकीपर

कीपर म्हणून सांगतो, शूटआउटला मला काढलं असतं तर मी त्या मास्तरशी वर्षभर बोललो नसतो. अमरिंदरनं काल कप उचलला, म्हणजे मोठ्या मनाचा गडी.

काका, अमेयच्या पुढं काय लिहिलंत शेवटी?

---

माहीमचा_राइट_बॅक

आकडा नाही लिहिला. मुलीने तिथे पेन्सिलीने "लवकर ये" लिहून ठेवलंय. माझ्या डायरीत पहिल्यांदाच कोणीतरी दुसऱ्याने लिहिलं. खोडलं नाही.

---

यंदा_तरी_पोस्ट

आणि रेफ्रीला किती?

---

माहीमचा_राइट_बॅक

२०१४ पासून रेफ्रीचा रकानाच ठेवलेला नाही. बीपीची गोळी चालू आहे.